उसाचं पुस्तक सतराव्या नंबरावर का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची नऊ हजार पुस्तकं आम्ही चार पोरांनी मिळून दोन वर्षांत कॉम्प्युटरवर चढवली. डेटाबेस पोस्टग्रेसचा आहे. प्रत्येक नोंदीत पुस्तकाचं नाव, विषय, लेखक आणि चार-पाच ओळींचा सारांश. नावाला ए, विषयाला बी, लेखकाला सी आणि सारांशाला डी अशी अक्षरंही दिली आहेत. शोध चालतो, पण क्रम चुकतो. ‘बेळगाव ऊस लागवड’ असं टाकलं (शब्दांच्या मध्ये ‘किंवा’ची उभी रेघ आहे) की आधी स्मरणिका येतात, मग गौरव अंक येतात, आणि उसाच्या लागवडीवरचं आमचं सगळ्यात चांगलं पुस्तक सतराव्या नंबरावर. शब्दाला वजन देता येतं असं कळलं, म्हणून शोधताना ‘ऊस’पुढे ए जोडून बघितला. तर नुसत्या ‘ऊस’ला नव्वद नोंदी यायच्या, त्या चारवर आल्या, आणि आमचं पुस्तक त्या चारात नाहीच. कुठल्या शब्दाला किती वजन द्यायचं याचा काही हिशेब असतो का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नऊ हजार पुस्तकं चढवलीत, याबद्दल आधी तुम्हा चौघांचं मनापासून अभिनंदन. मी बावीस वर्षं ग्रंथपाल होते. दाखल रजिस्टरातली एकेक ओळ लावून टाइप करायची म्हणजे काय असतं ते मी केलेलं आहे. फिकट झालेली शाई, ‘वरीलप्रमाणे’ लिहून सोडलेले रकाने, आणि दर दहा वर्षांनी बदललेला कारकून व त्याचं शुद्धलेखन.

आता त्या ए अक्षराचं. पोस्टग्रेसमध्ये ही अक्षरं दोन ठिकाणी लिहिता येतात आणि दोन्हीकडे त्यांचा अर्थ वेगळा. नोंदीतल्या शब्दाला लावलंत तर तो शब्द कुठल्या जागी आहे, नावात की सारांशात, एवढी खूण होते. शोधातल्या शब्दाला लावलंत तर ती अट होते : ‘ऊस’ हा शब्द ए-च्या जागी, म्हणजे नावातच असेल, तरच ती नोंद घे. तुम्ही वजन वाढवायला गेलात आणि दाराला कडी लागली. वजनाचं काम एवढंच, की आत आलेल्यांत पुढं कुणी बसायचं ते ठरवायचं. आत कोण येणार ते वेगळ्या जागी ठरतं. तुमच्या पुस्तकाचं दुखणं निम्मं इथं आहे, निम्मं तिथं.

एक प्रसंग सांगते, त्यात सगळं आलं. कार्डांच्या कपाटाचे दिवस. पाऊस लागून राहिलेला. काकतीकडचा एक शेतकरी आला, पोत्याची खोळ दारातच झटकून ठेवली आणि म्हणाला, “अक्का, बेळगावकडच्या जमिनीत चालंल असं उसाच्या खोडव्याचं पुस्तक हाय काय ओ?” मी ‘बेळगाव’चा खण उघडला नाही. त्या खणात कार्डं इतकी दाटलेली असायची की बोट शिरत नसे. ‘पुस्तक’ हा शब्द तर कानावरूनच गेला, वाचनालयात दुसरं असतं काय? सरळ ‘ऊस’ उघडला आणि कार्डांवर ‘खोडवा’ (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणारं उसाचं पीक) कुठं लिहिलंय तेवढंच बघत गेले. दोन कार्डं निघाली. मग दोन्ही पुस्तकं काढली, एकात काळ्या जमिनीचं प्रकरण होतं, दुसऱ्यात नव्हतं. ‘बेळगावकडची जमीन’ हे शब्द मी अगदी शेवटी वापरले, दोनातलं एक निवडायला. त्यानं पाच शब्द सांगितले, त्यातल्या एकाला मी सगळ्यात जास्त वजन दिलं, एकाला काहीच नाही. हे करताना मनात आकडा कुठलाच नव्हता. पण जो शब्द कमी कार्डांवर असतो तो जास्त उपयोगाचा, एवढं हाताला माहीत झालेलं होतं.

हीच गोष्ट १९७२ साली केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी गणितात मांडली. एकूण नोंदी भागिले तो शब्द असलेल्या नोंदी, आणि त्याचा लॉगॅरिदम. आज बहुतेक शोधयंत्रांच्या पोटात याच हिशेबाचं कुठलं तरी रूप आहे. तुमच्याच आकड्यांवर करून बघू. नऊ हजार नोंदी. आपल्या भागातलं वाचनालय, तेव्हा ‘बेळगाव’ हा शब्द निम्म्या नोंदींत तरी असणार, धरा साडेचार हजार. ९००० भागिले ४५०० म्हणजे २, त्याचा दहाच्या पायाचा लॉग ०.३०. ‘ऊस’ नव्वद नोंदींत. ९००० भागिले ९० म्हणजे १००, त्याचा लॉग २. म्हणजे तुमच्या वाचनालयात ‘ऊस’ हा शब्द ‘बेळगाव’च्या साडेसहा पट वजनाचा. पुण्याच्या एखाद्या वाचनालयात हाच हिशेब उलटा पडेल, तिथं ‘बेळगाव’ दुर्मीळ. म्हणून दुसऱ्याचे आकडे उचलून आणू नका. सीमाभागातल्या संग्रहात ‘सीमा’, ‘बेळगाव’, ‘मराठी’ हे शब्द देवळातल्या उदबत्तीच्या वासासारखे सगळीकडे असतात, त्यावरून कुणाचा ठिकाणा लागत नाही.

पोस्टग्रेसला मात्र हे कळत नाही. त्याचं गुण देणारं फंक्शन, टीएस-रँक, एका वेळी एकच नोंद बघतं. हा शब्द बाकीच्या नोंदींत किती वेळा आलाय याची त्याला गंधवार्ता नसते. त्याच्या लेखी ‘बेळगाव’ आणि ‘ऊस’ सारखेच. त्यात स्मरणिकांच्या नावातच ‘बेळगाव’, विषयात ‘बेळगाव’, सारांशात आणखी तीनदा. १९२९, १९४६ आणि २००० अशी तीन मराठी साहित्य संमेलनं बेळगावला झाली. त्यांच्याविषयीच्या नुसत्या नोंदी जरी धरल्या तरी त्यांच्यापुढे उसाचं पुस्तक मागं पडणारच. शिवाय सांगितल्याशिवाय टीएस-रँक नोंदीची लांबीही धरत नाही. लांबलचक सारांशात शब्द जास्त वेळा येतो आणि गुण जास्त मिळतात. त्यासाठी फंक्शनला शेवटी एक आकडा देता येतो. १ दिला तर गुणांना लांबीच्या लॉगनं भागतं, २ दिला तर सरळ लांबीनं. २ फार कडक होतो, दोन ओळींच्या नोंदी उगाच वर चढतात. १ पुरतो.

पण तुमच्या पत्रातली खरी मेख मला पुस्तकाच्या नावात दिसते. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण ‘उसाच्या लागवडीवरचं’ म्हणालात. नावात ‘उसाच्या’, ‘लागवडीची’ असेच शब्द असतील, तर ‘ऊस’ आणि ‘लागवड’ या दोन्ही शब्दांशी त्या नावातला एकही शब्द जुळत नाही. ज्या जागेला तुम्ही सगळ्यात जास्त वजन दिलंत, तिथं तुमच्या पुस्तकाला शून्य मिळालं. सारांशात कुठंतरी ‘ऊस’ सुटा आला असेल, त्या जोरावर ते सतरावं आलं. आणि ए जोडल्यावर बाहेर का गेलं, त्याचंही कारण हेच.

इंग्रजीला हा त्रास कमी, कारण पोस्टग्रेसमध्ये इंग्रजी शब्दाचं शेपूट, म्हणजे प्रत्यय, छाटून मूळ शब्द ठेवायची सोय आहे. हिंदीची आहे, तमिळची आहे, नेपाळीचीही आहे. मराठीची नाही. मराठीसाठी ‘सिंपल’ ही मांडणी वापरावी लागते, ती शब्द जसाच्या तसा ठेवते. मग तुम्ही म्हणाल, शब्दाच्या सुरवातीवरून शोधू. ‘लागवड’ आणि पुढं तारा टाकला की ‘लागवडीची’, ‘लागवडीसाठी’ सगळे येतात. खरं आहे. पण ‘ऊस’पुढं तारा टाकून ‘उसाची’ मिळत नाही! सामान्यरूप होताना दीर्घ ऊ ऱ्हस्व झाला. पीक, पिकाचं. दूध, दुधाचं. मीठ, मिठाचं. शेतीच्या पुस्तकांत हे पदोपदी आहे.

उपाय सोपा आहे. शोधासाठी एक वेगळा स्तंभ ठेवा आणि त्यात सगळे दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करून भरा. वाचक जे टाइप करेल तेही तसंच ऱ्हस्व करून मगच शोधा. पडद्यावर दाखवायचं नाव मूळचंच, त्याला हात लावायचा नाही. असं केलं की ‘सूत’ आणि ‘सुत’ एक होतील. पण वडगाव-शहापूरच्या मागावरच्या सुताबद्दल शोधणाऱ्याला एखादा ‘सुत’ मध्येच आला तरी फारसं बिघडत नाही.

त्याच स्तंभात आणखी दोन-तीन गोष्टी एक करून घ्या. ‘बेळगांव’चा अनुस्वार एक. १९६२ च्या नियमांनी असे अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या पुस्तकांवर ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ हेच छापलेलं आहे आणि तुम्ही ते इमानानं तसंच उतरवलं असणार. १ नोव्हेंबर २०१४ नंतर सरकारी कागदावर ‘बेळगावी’ आलं, तेही जोडा. आकडेसुद्धा बघा. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते त्या १९४६ च्या संमेलनाचं साल चौघांतल्या एकानं मराठी अंकांत आणि दुसऱ्यानं इंग्रजी अंकांत टाइप केलं असेल तर डेटाबेसला ती दोन वेगळी सालं.

आणि ‘शेतकऱ्यांसाठी’. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर अधिक हलन्त. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि मागं डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. डेटाबेसमध्ये दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं एकसारखं करण्याचं फंक्शन चालवलंत तरी हे दोन एक होत नाहीत, मी स्वतः करून बघितलंय. तेव्हा दुसरी तऱ्हा शोधून ती पहिलीत बदला. नुसता जोडक पुसून टाकायचा मोह होईल, तो टाळा. जोडक पुसला की ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, आणि स्वयंपाकाची पुस्तकं तत्त्वज्ञानात जाऊन बसतात.

इतकं झालं की ‘आत कोण येणार’ हे नीट बसलं. आता वजन.

पोस्टग्रेसमध्ये शोधातल्या शब्दाला थेट वजन द्यायची सोय नाही. पण प्रत्येक शब्दाचे गुण वेगळे काढून, आपल्या आकड्यानं गुणून, बेरीज करता येते. ‘उस’चे गुण गुणिले २, ‘लागवड’चे गुण गुणिले त्याचा आकडा, ‘बेळगाव’चे गुण गुणिले ०.३०. हे आकडे हातानं भरायची गरज नाही. टीएस-स्टॅट नावाचं फंक्शन आहे, ते प्रत्येक शब्द किती नोंदींत आहे त्याची यादी देतं. ती यादी एका छोट्या तक्त्यात साठवा, तिच्यावरून लॉग काढा. नवीन पुस्तकं चढवली की महिन्यातून एकदा ती यादी ताजी करा. प्रत्येक शोधाच्या वेळी मोजायला लावू नका, साधा कॉम्प्युटर दमतो.

ही यादी हातात आली की तिच्या तळाला जे शब्द फक्त एकाच नोंदीत आहेत ते नजरेखालून घाला. निम्म्या टायपिंगच्या चुका निघतील, ‘लगावड’, ‘बेगळाव’ असल्या. माझ्या अनुभवात मुद्रितशोधनाला याहून चांगलं साधन नाही. वजनाच्या दृष्टीनंही ते गरजेचं, कारण नऊ हजारांत एकदाच आलेल्या शब्दाचा लॉग ३.९५ येतो. चुकीचा शब्द सगळ्यात वजनदार ठरतो. आकड्याला वरची मर्यादा घाला, ३ वगैरे.

तारा टाकून केलेल्या शोधाला मात्र अखंड शब्दापेक्षा कमी वजन द्या. ऱ्हस्व करून ‘उस’पुढं तारा टाकला की ‘उसाची’, ‘उसाला’ येतात, त्यांच्या मागोमाग ‘उसळ’ येते, ‘उसना’ येतो, ‘उसंत’ही येते. त्यांना आत येऊ द्या, पण मागच्या रांगेत. अखंड शब्दाचे गुण गुणिले पूर्ण आकडा, ताऱ्याचे गुण गुणिले निम्मा, असं मी करते. ‘उसळ’ आली तरी तिच्या बरोबर ‘लागवड’ नसते, त्यामुळे बेरजेत ती आपोआप खाली जाते.

आता ए-बी-सी-डीचे आकडे. तुम्ही काही न सांगता ते ए-ला १.०, बी-ला ०.४, सी-ला ०.२ आणि डी-ला ०.१ असे धरले जातात. बदलायचे असतील तर चारही आकडे एकत्र द्यावे लागतात, आणि त्यांचा क्रम उलटा आहे, डी, सी, बी, ए. हे मी ठळक का सांगते? मी स्वतः एका संस्थेच्या कामात ते ए-पासून लिहिले. नावाला ०.१ आणि सारांशाला १.० गेलं. चूक कुठंच दिसत नव्हती, शोध चालत होता, पुस्तकं येत होती. आठवडाभरानं एक शिक्षिका म्हणाल्या, “मॅडम, मी पुस्तकाचं पूर्ण नाव टाकते तरी ते खाली का येतं?” तोवर किती लोक पहिल्या पाच नोंदी बघून ‘नाही’ समजून परत गेले असतील, ते मला आजही लागतं. आकडे बदलले की आधी पुस्तकाचं पूर्ण नाव टाकून बघा. ते पहिलं आलं नाही तर पुढं जाऊ नका.

तुमच्याकडे नावाला जे मूळचं १.० आहे ते तसंच राहू द्या. वाढवून पाच-दहा करण्याची इच्छा होते, पण मग ज्या पुस्तकाच्या नावात ‘बेळगाव’ आहे ते कशाचाही शोध घेतला तरी वर येऊन बसतं. आपल्याकडच्या निम्म्या स्मरणिकांच्या नावात गावाचं नाव असतंच. विषयाचा रकाना तुम्ही नीट भरला असेल तर बी-ला ०.४ ऐवजी ०.७ देऊन बघा. ग्रंथपालानं विचार करून लिहिलेला विषय हा नावापेक्षा खरा असतो, लेखक नावं ठेवताना वाचकाचा विचार करतोच असं नाही.

तुमच्याकडे कानडी पुस्तकंही असतील. त्यांची नावं कानडी लिपीतच राहू द्या, पण विषय मराठीतही भरा, आणि ‘ऊस’ शोधणाऱ्याला ‘कब्बु’ असलेलं पुस्तकही मिळेल अशी जोडशब्दांची यादी करा. जोडशब्दाला मूळ शब्दापेक्षा थोडं कमी वजन. आपल्याकडचा शेतकरी दोन्ही वाचतो.

ज्यांच्याकडे पोस्टग्रेस नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘इज-अबाउट’ लिहून प्रत्येक शब्दाला ० ते १ मधलं वजन थेट देता येतं. पण ते ‘कन्टेन्स-टेबल’मध्येच कामाला येतं, तिथं गुणांचा स्तंभ मिळतो. साध्या ‘कन्टेन्स’मध्ये वजन लिहिलं तरी निकालावर काही परिणाम नाही, आणि चूक झाल्याचं कुणी सांगतही नाही. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एफटीएस-५ या शोधसोयीत स्तंभांना वजन देता येतं. ल्युसीन या शोधाच्या सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या इलास्टिकसर्च आणि सोलर या शोधयंत्रांत शब्दापुढं टोपीसारखी खूण (^) करून आकडा लिहिला की झालं, आणि दुर्मीळ शब्दाचा हिशेब ते स्वतःच करतात.

शेवटची विनंती. वाचक काय टाइप करतात ते साठवून ठेवा, कुणाचं नाव न लिहिता, फक्त शब्द आणि किती नोंदी मिळाल्या तो आकडा. महिन्यानं त्यातले तीस शोध काढा, तुम्ही चौघे बसा, आणि प्रत्येकाला पुढं कुठलं पुस्तक यायला हवं होतं ते हातानं लिहा. मग आकडे हलवा आणि तीसपैकी किती जागेवर आले ते मोजा. एका ‘ऊस लागवड’साठी आकडे जुळवलेत तर ‘वारली चित्रं’ बिघडतील आणि तुम्हाला कळणारही नाही.

प्रश्न : वडिलांनी जमवलेली १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनाची कात्रणं मी मायएसक्यूएलमध्ये भरली आहेत. तक्ता जुना, मायआयसॅम प्रकारचा. ‘तंबाखू’ टाकलं की एकही कात्रण येत नाही. ‘निपाणी’ला शून्य. ‘संप’ आणि ‘कर’लाही शून्य. शब्द तर प्रत्येक कात्रणात आहेत! वजन देण्याचं पुढं बघू, आधी ते दिसत का नाहीत?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : शब्द प्रत्येक कात्रणात आहेत, म्हणूनच दिसत नाहीत. मायआयसॅमच्या साध्या शोधात जो शब्द निम्म्याहून जास्त नोंदींत असतो तो निरुपयोगी धरून टाकून दिला जातो. वर खानापूरच्या वाचकांना सांगितलेला दुर्मीळ शब्दांचा विचार इथं टोकाला नेलाय. शेतकरी नेते शरद जोशींच्या त्या आंदोलनाचा संग्रह, त्यात ‘निपाणी’ आणि ‘तंबाखू’ नसतील असं कात्रण कुठून आणायचं?

‘संप’ आणि ‘कर’चं कारण वेगळं. मायआयसॅम चार अक्षरचिन्हांपेक्षा लहान शब्द सूचीत घेतच नाही. इथं मात्रा आणि अनुस्वारही सुटे मोजले जातात. ‘विडी’ची चिन्हं चार, ती वाचली. ‘संप’ची तीन, ‘कर’ची दोन. मराठीत हा नियम फार महागात पडतो. ऊस, घर, मठ, गड, सगळे दोनाचे.

तक्ता इनोडीबी या दुसऱ्या प्रकारात बदला, तिथं निम्म्याचा नियम नाही. किमान लांबी तिथं तीन आहे, ती सेटिंगच्या फाइलमध्ये दोनवर आणा, सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि पूर्ण-मजकूर सूची मोडून नव्यानं बांधा. बांधली नाही तर सेटिंग बदलूनही काही फरक दिसणार नाही, आणि आपण दुसरीकडेच चूक शोधत बसतो.

मग वजन. ‘बूलियन’ (खुणा लावून करायच्या) शोधात शब्दाआधी मोठेपणाची खूण (>) लावली की त्याचं वजन वाढतं, लहानपणाची (<) लावली की कमी होतं, अधिकची खूण (+) म्हणजे तो शब्द हवाच. तुमच्या संग्रहात मी ‘विडी’ला अधिक, ‘कामगार’ला मोठेपणाची आणि ‘निपाणी’ला लहानपणाची खूण लावीन. खूण आहे, आकडा नाही, त्यामुळे किती पट हे तुम्हाला ठरवता येत नाही. घरच्या संग्रहाला तेवढं पुरेल. आणि वडिलांच्या कात्रणांचे फोटोही काढून ठेवा. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून कडेनं मोडायला लागला की मग हाताळता येत नाही.

प्रश्न : आमच्या शोधात प्रत्येक पुस्तकापुढं जुळणीचे गुण येतात. ते टक्क्यांत दाखवले तर वाचकांना सोपं जाईल का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : दाखवू नका. एसक्यूएल सर्व्हर ० ते १००० मध्ये गुण देतो, एफटीएस-५ उणे आकडे देतं आणि त्यात जास्त उणं ते जास्त चांगलं. पोस्टग्रेसचे गुण आणखी वेगळे. कुठलाही आकडा शंभरापैकी नसतो. तो फक्त त्या एका शोधातल्या पुस्तकांची आपसांत तुलना करायला असतो. काल ‘बासमती’ शोधून मिळालेले ३०० आणि आज ‘मांडे’ शोधून मिळालेले ३०० यांचा एकमेकांशी संबंध नाही. वाचकाला ‘४२ टक्के’ दिसलं की तो पुस्तक उघडतच नाही. आकड्याच्या जागी कपाट आणि खण लिहा.